चढली नाही, तरी गरगरलं

नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या बाजूला, लग्नसराईत हळदीची रात्र लवकर संपत नाही. बँजो वाजत असतो, मांडवात नाच चालू असतो, खाडीवरून येणारी हवा दमट असते आणि नाचणारे घामाने निथळत असतात. न पिणारे पुष्कळ असतात, पिणारेही असतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातला एखादा जी तक्रार करतो ती साधारण अशी असते: दोनच पेग घेतले होते, चढली अजिबात नव्हती, आचाऱ्याचा हिशेब मीच केला, पाहुण्यांना रिक्षात बसवून दिलं, पण अंथरुणावर पडलो आणि छत फिरायला लागलं. घरचे यावर विश्वास ठेवत नाहीत. गरगरलं म्हणजे जास्त झाली होती, एवढाच अर्थ ते लावतात.

तो माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो. चक्कर आणि नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच वेळी येऊ शकतात, पण एकीवरून दुसरीचं माप काढता येत नाही. नशा मेंदूच्या पुढच्या भागाशी जोडलेली आहे. तारतम्य, संकोच, बोलण्यावरचा ताबा या गोष्टी तिथे सांभाळल्या जातात आणि दारू त्या सैल करते. शरीराचा तोल मात्र दुसरीकडून सांभाळला जातो. आतला कान, डोळे आणि तळपाय व सांध्यांतून येणाऱ्या संवेदना यांची माहिती मेंदूच्या मागच्या आणि खालच्या भागात जुळवली जाते. शिवाय या सगळ्याला रक्त आणि साखर अखंड मिळत राहावी लागते. दारू यातल्या प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वेळी पोचते आणि वेगळ्या रीतीने बिघाड करते. म्हणून जीभ अडखळत नसताना, पावलं सरळ पडत असताना आणि हिशेब बरोबर येत असतानाही गरगरू शकतं.

पुढे जाण्याआधी त्या ‘दोनच’चा हिशेब करायला हवा. भारतात विकली जाणारी व्हिस्की किंवा रम साधारण ४२.८ टक्के तीव्रतेची असते. तिच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बियरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत मात्र ते ४० ग्रॅमच्या वर जातं, म्हणजे चार छोट्या पेगांएवढं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. ‘एकच बियर घेतली’ म्हणणाऱ्याच्या रक्तात चार तासांनंतरही अल्कोहोल शिल्लक असतं. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला याची इतकी सवय झालेली असते की त्याला काहीच जाणवत नाही. न जाणवणं आणि रक्तात नसणं यांत मोठं अंतर आहे.

आता कानाकडे येऊ, कारण या विषयातला सगळ्यांत विलक्षण भाग तिथेच आहे. कानामागच्या हाडाच्या आत, खोलवर, प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या एकमेकींशी साधारण काटकोनात बसवलेल्या असतात आणि त्यांत एक द्रव भरलेला असतो. प्रत्येक नळीच्या फुगीर टोकाशी जेलीसारख्या पदार्थाचा एक पडदा असतो. त्याला क्युप्युला म्हणतात. मिठागराच्या उघाडीची झडप भरतीच्या पाण्याने जशी एका बाजूला लोटली जाते, तसा डोकं वळताच द्रवाच्या रेट्याने हा पडदा वाकतो. त्याच्या बुडाशी असलेल्या पेशी हे वाकणं टिपतात आणि डोकं कुठल्या दिशेला, किती वेगाने वळतंय ते मेंदूला कळवतात.

या रचनेची सगळी मदार एका गोष्टीवर आहे: पडद्याची घनता आणि भोवतालच्या द्रवाची घनता एकसारखी असते. त्यामुळे पडदा द्रवात तरंगतही नाही आणि बुडतही नाही. तुम्ही उभे असा, कुशीवर असा की उताणे, गुरुत्वाकर्षणाचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो फक्त वळण्याला दाद देतो.

अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. पाण्याची घनता १ धरली तर अल्कोहोलची ०.७९ भरते. रक्तातून ते आतल्या कानात पोचतं तेव्हा क्युप्युला आणि द्रव यांत एकाच वेळी पसरत नाही. क्युप्युला रक्तवाहिन्यांच्या जवळ असल्यामुळे तिच्यात ते आधी शिरतं. द्रवात पसरायला त्याला बराच वेळ लागतो. मधल्या काळात पडदा हलका आणि द्रव जड अशी स्थिती होते. अशा वेळी माणूस कुशीवर वळला की हलका झालेला पडदा वर उचलला जातो, म्हणजेच वाकतो. वाकला की पेशी त्यांचं काम चोख बजावतात आणि मेंदूला ‘डोकं फिरतंय’ असा संदेश जातो. डोकं तर उशीवर स्थिर असतं. मेंदू तरीही त्या संदेशावर विसंबून डोळ्यांना हुकूम देतो. डोळे एका बाजूला हळूहळू सरकतात आणि झटक्याने परत येतात. या थरथरीला वैद्यकात निस्टॅग्मस म्हणतात. ती चालू असताना माणसाला भिंती, पंखा, छत फिरताना दिसतं. डोळे मिटले तर आणखी वाईट, कारण खोली स्थिर आहे हे सांगणारा एकमेव साक्षीदारही गेला. पलंगावरून एक पाय खाली सोडून तळवा लादीला टेकवल्यावर पुष्कळांना बरं वाटतं. तळपायाकडून मेंदूला खरी बातमी मिळते, हे त्याचं कारण आहे.

ही गरगर प्यायल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने सुरू होऊ शकते आणि तीन-चार तास राहू शकते. मग एक शांत टप्पा येतो: पडदा आणि द्रव दोन्हींत अल्कोहोल सारखं पसरलेलं असतं, घनतेतला फरक मिटलेला असतो. माणसाला वाटतं, संपलं. पण ओसरतानाही अल्कोहोल क्युप्युलामधूनच आधी बाहेर पडतं. आता पडदा जड आणि द्रव हलका, म्हणजे आधीच्या नेमकी उलटी स्थिती होते. डोळ्यांची थरथर पुन्हा सुरू होते, या वेळी विरुद्ध दिशेने. प्यायल्यानंतर पाच-सहा तासांनी सुरू होणारा हा दुसरा टप्पा रक्तातलं अल्कोहोल शून्यावर आल्यानंतरही काही तास टिकू शकतो. सकाळी उठून लोकल पकडायला निघालेला माणूस पूर्ण शुद्धीत असतो, श्वासाची चाचणी कोरी येते आणि तरीही मान वळवली की त्याला गरगरतं. त्यात बनाव काहीही नसतो.

घनतेचा हा खुलासा पटायला कठीण वाटतो. तो पडताळून पाहणारा सुंदर प्रयोग १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. के. ई. मनी आणि डब्ल्यू. एस. माइल्स या कॅनडातल्या संशोधकांनी जड पाणी वापरलं. जड पाणी साध्या पाण्याहून सुमारे दहा टक्के अधिक घन असतं आणि त्याने नशा येत नाही. अल्कोहोलमुळे गरगर घनतेतल्या फरकाने होत असेल, तर जड पाण्यानेही व्हायला हवी आणि तिची दिशा उलटी असायला हवी. तसंच झालं. दोन्ही योग्य प्रमाणात एकत्र दिल्यावर तर परिणाम एकमेकांना छेद देऊन गेले. गरगर येण्यासाठी नशेची गरज नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. यातले केनेथ मनी पुढे कॅनडाच्या पहिल्या अंतराळवीरांच्या तुकडीत निवडले गेले.

कान, द्रव आणि घनता यांचं नातं वैद्यकाला त्याच्याही आधी कळलं होतं. व्हिएन्नातले डॉक्टर रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पिचकारीने धुवत. पाणी फार गार किंवा फार गरम असलं की रुग्ण चक्कर येते म्हणून तक्रार करत. गरम झालेला द्रव हलका होऊन वर सरकतो, गार झालेला जड होऊन खाली जातो आणि मेंदूला डोकं फिरल्याचा भास होतो, हा दुवा बारानींनी जोडला. तोलाच्या या अवयवावरच्या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ती बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

रोजच्या पिण्याने मेंदूला सवय होते आणि नशा कमी जाणवते. भौतिकशास्त्राच्या नियमाला मात्र कुणाची सवय होत नाही. ‘मी पचवतो’ म्हणणाऱ्याच्याही कानात हलकं-जड हा खेळ चालूच असतो.

चकरेचा दुसरा प्रकार यापेक्षा अगदी वेगळा आहे. त्यात खोली फिरत नाही. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात गुंजतं, पाय गळून जातात. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो हाच: फिरल्यासारखं होतं की अंधारी येते? पडल्यावर होतं की उठल्यावर? उठल्यावर अंधारी येत असेल तर बिघाड कानात नसून रक्तवाहिन्यांत शोधायचा.

आडवा पडलेला माणूस उभा राहतो तेव्हा अर्धा लिटरहून अधिक रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. निरोगी शरीर काही क्षणांत तिथल्या रक्तवाहिन्या आवळतं आणि रक्त वर, मेंदूकडे टिकवून धरतं. अल्कोहोल ही आवळण्याची क्रिया कमजोर करतं. २००० साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयविज्ञानाच्या नियतकालिकात तरुण, निरोगी माणसांवरचा एक अभ्यास आला. रक्त खाली खेचलं जावं अशी परिस्थिती निर्माण केल्यावर, दारू घेतलेली असताना त्यांचा रक्तदाब बराच जास्त घसरला. मज्जातंतू रक्तवाहिन्यांना आवळण्याचा हुकूम देत होते, पण वाहिन्या तो मानत नव्हत्या.

यात भर घालणाऱ्या गोष्टी हळदीच्या मांडवात सगळ्याच हजर असतात. दारूने त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, म्हणून चेहरा तापल्यासारखा लाल होतो आणि रक्त अंगाच्या पृष्ठभागावर पसरतं. उकाडा तेच करतो. घामातून पाणी आणि मीठ जातं. मूत्रपिंडांना पाणी राखायला सांगणाऱ्या संप्रेरकाला दारू दाबते, त्यामुळे लघवी वाढते. एप्रिल-मे महिन्यात वसई खाडीच्या काठी हवा इतकी दमट असते की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. अशा रात्री एक पेगही पुरतो. मिठागरावर किंवा बांधकामावर दिवसभर उन्हात राबून आलेल्या माणसाने पाण्याऐवजी आधी ग्लास उचलला, तर त्याला आलेली चक्कर नशेची नसते. अंगातलं पाणी आटल्याची असते. रात्री लघवीला उठलेले पुरुष न्हाणीघरात पडून डोक्याला मार लागल्याचे प्रसंग याच गटातले. मूत्राशय एकदम रिकामं होताना रक्तदाब आणखी उतरतो. दारू घेतलेल्याने रात्री आधी अंथरुणावर उठून बसावं, मिनिटभर थांबावं आणि लघवीही बसूनच करावी. पन्नाशीच्या पुढच्यांनी तर नक्कीच.

साखरेची गोष्ट अधिक गंभीर आहे. जेवणाला उशीर झाला की यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडतं आणि साठा संपत आला की नवी साखर तयार करतं. अल्कोहोल निकालात काढण्यात गुंतलेलं यकृत हे दुसरं काम करू शकत नाही. लग्नघरातला कर्ता माणूस दिवसभर धावपळीत असतो, दुपारचं जेवण चहावर निघून जातं आणि रात्री उपाशीपोटी ग्लास हातात येतो. धडधाकट माणसाचं यात एरवी निभावून जातं. पण इन्शुलिन घेणारा किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांवर असलेला मधुमेही असेल, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते, बोलणं असंबद्ध होतं. तोंडाला वास येत असतोच. भोवतीचे म्हणतात ‘जास्त झालीये, झोपू दे’, आणि त्याला झोपवतात. वाचवता येण्यासारखा माणूस अशा झोपेत दगावू शकतो. घरात ग्लुकोमीटर असेल तर ही वेळ बोट टोचून बघण्याची आहे. गिळता येत असेल तर साखरपाणी द्यावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

औषधांचंही असंच आहे. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिन, छातीतल्या दुखण्यावरची नायट्रेटं यांनी रक्तवाहिन्या आधीच सैल झालेल्या असतात. सर्दीची सेटिरिझिन आणि झोपेच्या गोळ्या गुंगी वाढवतात. यांपैकी एखादं औषध चालू असताना घेतलेला छोटा पेगही छोटा राहत नाही. डायसल्फिराम या गोळीबद्दल मात्र मला ठासून सांगायचं आहे. दारू सोडू इच्छिणाऱ्याला ही गोळी त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. ती चालू असताना दारू प्यायली की अल्कोहोलचं विघटन अर्ध्यावर अडकतं आणि ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. काही घरांत कंटाळलेली माणसं ही गोळी पिणाऱ्याच्या नकळत भाजीत किंवा चहात मिसळतात. त्यांची हतबलता समजते, पण याने जीव जाऊ शकतो. असं कुणी करत असेल तर आजच थांबवावं.

वसईत या विषयावर लिहायचं तर ताडी-माडीला वगळून चालणार नाही. माड, ताड आणि शिंदी या तिन्ही झाडांचा रस उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं काढला जातो, आणि तो काढणं हा भंडारी समाजाचा पिढीजात व्यवसाय. ब्रिटिशांनी १८७८ चा आबकारी कायदा आणून या झाडांवरचा कर आणि नियंत्रण कडक केलं, तेव्हा ठाणे जिल्ह्यातल्या या व्यवसायाला मोठा फटका बसला. झाडाला छेद देऊन मडकं बांधतात. मडक्याला आतून चुना लावला आणि पहाटे उतरवलं तर ती गोड नीरा, अल्कोहोल नसलेली. चुना नसेल तर हवेतले आणि मडक्यातले सूक्ष्मजीव लगेच कामाला लागतात. संध्याकाळपर्यंत साधारण ४ ते ६ टक्के अल्कोहोल तयार होतं. म्हणजे खरी ताडी बियरच्याच जवळपासची. तिने गरगरलं तर कारणं वर सांगितलेलीच.

पण झाडं कमी आणि मागणी जास्त झाली, तसा महाराष्ट्रात रासायनिक ताडीचा धंदा उभा राहिला. पाणी, सॅकरीन आणि क्लोरल हायड्रेटची भुकटी एवढ्यावर ही ‘ताडी’ बनते. तिच्यात झाडाचा थेंबही नसतो. क्लोरल हायड्रेट हे एकोणिसाव्या शतकात झोपेसाठी वापरात आलेलं औषध आहे. त्याने दारूची झिंग येत नाही. गुंगी येते, पाय लटपटतात, रक्तदाब उतरतो आणि जास्त मात्रेत हृदयाचे ठोके बिघडतात. दारूबरोबर ते घेतलं गेलं तर दोघांचा परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो. रोज अशी ताडी पिणाऱ्याने ती एकदम बंद केली तर अंगाला कंप सुटतो आणि झटकेही येतात. एक ग्लास ताडीने नेहमीपेक्षा निराळीच, सुन्न करणारी चक्कर आली तर प्यायलेलं ते ताडी होतं का, हा पहिला प्रश्न.

आणि शेवटी मिथेनॉल. जून २०१५ मध्ये नायगावपासून लोकलने फार लांब नसलेल्या मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसं दगावली. त्याआधी २००४ च्या अखेरीस विक्रोळीत असंच झालं होतं. २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लकुरिचीत साठहून अधिक बळी गेले. तिन्ही ठिकाणी मारणारं द्रव्य एकच होतं. मिथेनॉल कारखान्यात द्रावक म्हणून वापरतात. दिसायला आणि वासाला ते दारूच्या इतकं जवळचं असतं की पिणाऱ्याला फरक कळत नाही. सगळ्यांत घातक बाब ही की त्याने नशा कमी येते. ‘आज चढलीच नाही’ म्हणून माणूस आणखी एक मागतो.

सुरुवातीचे काही तास काहीच घडत नाही. यकृत हळूहळू मिथेनॉलचं रूपांतर आधी फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात करतं. हे आम्ल पेशींची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता बंद पाडतं. डोळ्याच्या मज्जातंतूला त्याचा फटका लवकर बसतो. साधारण १२ ते २४ तासांनी डोकं दुखतं, चक्कर येते, पोटात कळा येतात, उलट्या होतात, धाप लागते, आणि डोळ्यांपुढे पांढरं धुकं पसरल्यासारखं दिसतं. सोबत साधी दारूही प्यायली असेल तर ही लक्षणं आणखी उशिरा येतात, कारण यकृत साध्या दारूला प्राधान्य देतं. लोक याला कालचा हँगओव्हर समजून लिंबूपाणी पितात आणि झोपतात. हँगओव्हर तासागणिक ओसरत जातो, मिथेनॉलची विषबाधा तासागणिक वाढत जाते. नजर धूसर होणं हे तर हँगओव्हरचं लक्षण नाहीच. उपचार आहेत आणि वेळेत मिळाले तर ते काम करतात: मिथेनॉलचं आम्लात रूपांतर थांबवणारी फोमेपिझोल किंवा डॉक्टरांनी मोजून दिलेलं शुद्ध अल्कोहोल, रक्तातलं आम्ल कमी करणारं सोडियम बायकार्बोनेट, आणि विष गाळून काढणारं डायलिसिस.

यात उशीर होतो तो लपवाछपवीमुळे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिण्यासाठी परवाना लागतो, तो बहुतेकांकडे नसतो. हातभट्टीची असेल तर भीती दुप्पट. मग डॉक्टरांना ‘बाहेरचं खाल्लं’ असं सांगितलं जातं आणि पित्ताच्या इंजेक्शनात मोलाचे तास जातात. दवाखान्यात काय प्यायलं, कुठून आणलं, किती वाजता घेतलं हे सरळ सांगावं. बाटली किंवा पिशवीत थोडी उरली असेल तर ती सोबत न्यावी. त्याच बाटलीतून ज्यांनी ज्यांनी घेतली त्या प्रत्येकाला त्याच क्षणी फोन करून बोलवावं, ‘मला काही होत नाहीये’ म्हणणाऱ्यालाही, कारण त्याचे बारा तास अजून भरायचे असतील.